मानखुर्द-गोवंडीच्या पोरांसाठीचा फुकट व्हीएफएक्स कोर्स : भाच्याने केला, मी जवळून बघितला, सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग कारणं. कोर्स चांगला आहे, पाठवा. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय आणि तेवढं वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका. सेंटरचं नाव इथे टाकत नाहीये कारण बॅच छोटी असते, नाव टाकलं की भाचा कोण ते लगेच कळेल आणि तो आता जिथे कामाला आहे तिथे या बाबतीत फार कडक असतात. चेंबूर-गोवंडी पट्ट्यात एका ट्रस्टचं आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं, फी शून्य, साधारण सहा महिने, वय १८ ते २५, घरचं उत्पन्न कमी असल्याचा दाखला लागतो. आसपासच्या शाळेत, मंडळात विचारलंत तर कोणीही पत्ता सांगेल.

मी स्वतः अंधेरीला पोस्ट प्रॉडक्शनमध्ये आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळे ब्रोशरवर काय लिहिलंय आणि स्टुडिओच्या फ्लोअरवर खरं काय लागतं यातलं अंतर मला दिसतं. म्हणूनच बहिणीने विचारलं तेव्हा मी आधी जाऊन लॅब बघून आलो, सरांशी बोललो आणि मगच हो म्हटलं.

आता हा कोर्स नेमका कशाचा ते समजून घ्या, कारण पोरं "व्हीएफएक्स", म्हणजे सिनेमातली कॉम्प्युटरवर केलेली करामत, ऐकून येतात आणि त्यांच्या डोक्यात उडणारे ड्रॅगन असतात. इथे मुख्य शिकवतात रोटो, म्हणजे शूट केलेल्या शॉटमधला माणूस किंवा वस्तू मागच्या सीनपासून वेगळी काढायची, एकेका फ्रेमवर त्याच्या कडेने शेप टाकून. ठिपके जोडून रांगोळी काढतो तसं बिंदूंनी कड पकडायची, फक्त इथे रांगोळी हलत असते. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांचा साधा शॉट म्हटला तरी १२० फ्रेम झाल्या, आणि त्यात हिरोईनचे केस वाऱ्यावर उडत असतील तर दिवस गेला समजा. रोटोनंतर पेंट, म्हणजे वायर पुसणं, ट्रॅकिंग मार्कर काढणं, चुकून फ्रेममध्ये आलेला स्टँड गायब करणं. शेवटच्या दीड महिन्यात कॉम्पची तोंडओळख, म्हणजे हे सगळं एकत्र बसवून खरं वाटेल असं करणं.

हे काम ग्लॅमरचं नाही. पण इंडस्ट्रीत शिरायचं हे एक खरंखुरं दार आहे. ज्याच्याकडे ना डिग्री, ना ओळख, ना इंग्रजी, त्याला स्टुडिओत पहिली खुर्ची मिळायची शक्यता सगळ्यात जास्त रोटोमध्येच आहे, कारण तिथे सुपरवायझर फक्त शॉट बघतो. आपल्याकडे वस्तीत कुठलीही संस्था फिल्म मेकिंगचं काही शिकवायला आली की पहिल्या दिवशी नागराज मंजुळेंचं उदाहरण देते, आणि त्यांच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण वीस जणांच्या बॅचला "तुम्ही सगळे डायरेक्टर व्हाल" सांगून घरी पाठवणं मला पटत नाही. एका सिनेमाच्या शेवटी जी नावं वर सरकत जातात त्यात डायरेक्टर एकच असतो आणि बाकी शेकडो लोक पगारावर घर चालवतात. या सेंटरने पहिल्या दिवशी पोरांना तीच नावांची यादी थांबवून थांबवून दाखवली, कोण काय करतं, किती वर्षांनी कोण कुठे पोचतो. इथेच मला ही लोकं आवडली.

प्रवेशाला इंग्रजीची परीक्षा नाही, हे फार मोठं आहे. एक साधी चित्रकलेची टेस्ट घेतात आणि मग कॉम्प्युटरवर एका फोटोभोवती शेप काढायला लावतात, तासभर. माऊस धरता येतो का हे बघत नाहीत, तासाभरानंतर पोरगा उठून जातो की अजून कड सुधारत बसलाय हे बघतात. माझ्या भाच्याने शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या, हात चांगला, पण पुढे जेजे स्कूल ऑफ आर्टला जायचं म्हणजे सीईटी, पोर्टफोलिओ, चार वर्षं कमाई नाही, आणि घरी भावोजींची रिक्षा आणि बहीण चेंबूरला पोळ्या करायला जाते. जेजे १८५७ पासूनची, तिची गोष्टच वेगळी, जमत असेल त्याने नक्की जावं, पण जमत नाही अशी हजारो पोरं आहेत आणि त्यांचा चित्रकलेचा हात दहावीनंतर तसाच वाया जातो.

शिकवणारे सर स्वतः स्टुडिओत रोटो लीड होते आणि ते दिसतं. यूट्यूबवरचे ट्युटोरियल बघून शिकलेली पोरं पहिल्या फ्रेमपासून सुरू करतात आणि प्रत्येक फ्रेमवर शेप हलवत बसतात, मग प्ले केलं की कड नुसती थरथरते. सर आधी शॉट दहा वेळा बघायला लावतात, हालचाल कुठे वळते ते शोधायचं, त्या फ्रेमवर आधी 'की' मारायच्या, म्हणजे शेपची जागा पक्की करायची, मग मधली फ्रेम, मग तिच्या मधली. अख्ख्या माणसाला एकच शेप टाकायचा नाही, डोकं वेगळं, मान वेगळी, दंड वेगळा, कोपराखालचा हात वेगळा, जसा सांधा तसा तुकडा. हे सगळं ऐकायला साधं वाटतं पण मी अशी पोरं बघितलीयत ज्यांनी खाजगी इन्स्टिट्यूटला लाखाच्या वर भरलेत आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही. आमच्या शेजारची मुलगी अशाच एका ठिकाणी गेली होती, वडिलांनी हप्त्यावर पैसे भरले, सर्टिफिकेट मिळालं, प्लेसमेंटच्या नावाखाली कॉल सेंटरचा इंटरव्ह्यू लावला. हप्ते मात्र अजून चालू आहेत.

सॉफ्टवेअरबद्दल एक गोष्ट मनापासून आवडली, सेंटरमध्ये क्रॅक केलेलं काहीही नाही. कॉम्पचं सॉफ्टवेअर न्यूक, त्याचं नॉन-कमर्शियल व्हर्जन फुकट मिळतं, त्याचं आउटपुट १९२० बाय १०८० च्या वर जात नाही आणि त्यावर पैशाचं काम करायचं नाही, पण शिकायला पुरेसं आहे. एडिटिंग आणि कलरच्या रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन आहे, थ्रीडीचं ब्लेंडर तर पूर्णच फुकट, आणि पोरांना हेही सांगितलं जातं की २०२५ ला ज्या लाटव्हियन अ‍ॅनिमेशन फिल्मला ऑस्कर मिळालं ती ब्लेंडरवरच बनलीय. म्हणजे घरी जाऊन सराव करायला कोणाला चोरी करावी लागत नाही. अर्थात घरी मशीन पाहिजे, आणि तिथेच बहुतेक कोर्स हात वर करतात. इथे लॅब संध्याकाळी साडेनऊपर्यंत उघडी असते, रविवारीसुद्धा, आणि शेवटच्या दोन महिन्यांत जुने पण चालणारे लॅपटॉप घरी न्यायला देतात, डिपॉझिट न घेता, फक्त पालकांची सही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, टीव्ही चालू, नळाला पाणी आलं की धावपळ, तिथे पोरगा सराव करणार कसा याचा विचार करून ही वेळ ठरवलेली आहे. पोरं रात्री साडेनऊला लाईट बंद करेपर्यंत बसलेली असतात, मी बघितलंय.

शोरील, म्हणजे आपल्या निवडक शॉटचा छोटा व्हिडिओ, हा या कोर्सचा सगळ्यात भारी भाग. फ्रेशरची अडचण अशी की खऱ्या सिनेमाचा शॉट त्याच्याकडे नसतो, आणि नोकरी लागल्यावरही जो शॉट करशील तो सिनेमा रिलीज होऊन स्टुडिओने परवानगी देईपर्यंत दाखवता येत नाही. म्हणून सगळे नेटवरून तेच तेच फुकट प्रॅक्टिस शॉट डाऊनलोड करतात आणि एचआरवाल्याने तो नाचणारा माणूस शंभर रीलमध्ये आधीच बघितलेला असतो. इथे पोरांना फोन घेऊन बाहेर पाठवतात. स्टेशनबाहेरचं मार्केट, लल्लूभाई कंपाऊंडच्या मैदानातली क्रिकेट मॅच, खाडीकडचा वारा आणि त्यात बहिणीचे मोकळे केस, लोकलच्या दारातून दिसणारा वाशीचा पूल. मग त्याच शॉटवर रोटो, पेंट, कॉम्प. रील एक मिनिटाच्या आत, सगळ्यात चांगला शॉट पहिला, आणि प्रत्येक शॉटची फोड दाखवायची, आधी मूळ प्लेट म्हणजे शूट केलेला शॉट, मग शेप, मग काळी-पांढरी मॅट म्हणजे वेगळा काढलेला आकार, मग फायनल. भाच्याच्या रीलमध्ये कबड्डीचा एक शॉट आहे, धूळ उडतेय, दोन पोरं एकमेकांत गुंतलीयत, हातापायांचा नुसता गुंता, आणि कड कुठेही हलत नाही. तो शॉट बघूनच त्याला फोन आला. मी या लाईनमध्ये आहे म्हणून सांगतो, तसा शॉट मी फ्रेशरकडून फार कमी वेळा बघितलाय.

एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते. आपला मराठी सिनेमा ज्यांनी उभा केला त्यातले कितीतरी जण असंच कामावर शिकले. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करत शिकले, मग १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी निघाली, १९३३ ला पुण्यात आली, आणि त्याच प्रभातच्या जागेवर १९६० पासून एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था आहे. तेव्हा गरीब घरचा पोरगा कंपनीत शिरला की झाडू मारता मारता कॅमेरा बघायचा. आज तसं आत शिरता येत नाही, स्टुडिओच्या दाराला कार्ड, आत फोन न्यायचा नाही, कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, क्लायंटच्या सिक्युरिटीचे नियम. सहज बघून शिकायची सोयच गेली, म्हणून मग बाहेर कोणीतरी तो फ्लोअर उभा करावा लागतो. या सेंटरने लॅबमध्ये तसंच वातावरण ठेवलंय, आत जाताना फोन बाहेर ठेवायचा, शॉट मॅनडेमध्ये मोजायचा, म्हणजे हा शॉट किती माणूस-दिवसांचा, आणि सर क्यूसीमध्ये, म्हणजे तपासणीत, शॉट परत पाठवतात तेव्हा त्याला किकबॅकच म्हणतात. पहिल्या नोकरीत शब्दांनी पोरगा घाबरत नाही.

आता पैसे. कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. मुंबईत रोटोला फ्रेशरचा पगार पंधरा हजारांच्या आगेमागे असतो, काही ठिकाणी त्याहून कमी. बाईकवर डिलिव्हरी करणारा पोरगा पहिल्याच महिन्यात याच्यापेक्षा जास्त घरी आणतो. माझ्या बहिणीने हाच प्रश्न विचारला आणि तिचा प्रश्न बरोबर होता. सहा महिने शिकायचं म्हणजे सहा महिने शून्य, वर लोकलचा पास, वर बाहेरचं खाणं, आणि शेवटी पंधरा हजार, मग का करायचं? फुकट कोर्स कधीच फुकट नसतो गरीब घराला, हे ज्या संस्थेला कळत नाही तिथली अर्धी बॅच तिसऱ्या महिन्यात गळते. इथे पास देतात, दुपारचं जेवण देतात, आणि नोकरी लागल्यावर पहिले तीन महिने प्रवासखर्च ट्रस्ट देतो. मानखुर्दवरून गोरेगावच्या स्टुडिओत जायचं म्हणजे वडाळ्याला गाडी बदला, नाहीतर कुर्ल्यावरून घाटकोपर आणि मेट्रो, रोजचे तीन-साडेतीन तास जाण्यायेण्यात. बॅच सुरू व्हायच्या आधी पालकांची मीटिंग घेतात आणि त्यात पगाराचा खरा आकडा सांगतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पेंट-कॉम्पकडे सरकलं की कसा वाढतो तेही सांगतात, पण वाढेलच असं म्हणत नाहीत. सेंटरच्या ताईंनी बहिणीला सरळ सांगितलं, "पहिलं वर्ष तंगीचं जाणार, तुमची तयारी असेल तरच पाठवा." बहिणीने दोन दिवस घेतले आणि पाठवलं.

सर्टिफिकेट मीडिया अँड एंटरटेनमेंट स्किल्स कौन्सिलच्या रोटो आर्टिस्टच्या अभ्यासक्रमाला धरून आहे. स्टुडिओत ते कोणी विचारत नाही, रील विचारतात, पण अप्रेंटिस म्हणून लागायला उपयोग होतो. नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम २०१६ ची आहे, त्यात स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला कमाल १५०० रुपये, सरकार द्यायचं असं होतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीला १०,००० असं विद्यावेतन. सेंटरच्या ताई हे फॉर्म स्वतः बसून भरून घेतात. आधार एका नावाने, मार्कशीट दुसऱ्या नावाने, बँक खातं बंद पडलेलं, असल्या गोष्टींत पोरांचे महिने जातात आणि ते महिने या ताईंनी वाचवलेत. ब्रोशरमध्ये याचा उल्लेखही नाही.

आता एक स्टार का कापला.

पहिलं आणि सगळ्यात गंभीर म्हणजे एआय. रिझॉल्व्हमध्ये मॅजिक मास्क, न्यूकमध्ये कॉपीकॅट, ही टूल्स २०२१ च्या सुमारास आली आणि तेव्हापासून साधा रोटो मशीन बऱ्यापैकी काढून देतं. केस, धूळ, मोशन ब्लर म्हणजे वेगाने पुसट झालेली कड, एकमेकांत गुंतलेली माणसं, तिथे अजून हात लागतो, पण साधे शॉट, ज्यावर फ्रेशर शिकायचा, तेच कमी होतायत. सेंटरमध्ये या टूल्सवर फक्त एक दिवस आहे. हे पुरेसं नाही. मशीनने काढलेली मॅट घेऊन तिच्यातल्या चुका शोधणं आणि हाताने दुरुस्त करणं हेच पुढचं काम असणार आहे आणि त्यावर निदान महिनाभर दिला पाहिजे. मी सरांना हे सांगितलं, त्यांना पटलंय, पण सिलॅबस बदलायला ट्रस्टची मंजुरी लागते म्हणे. मंजुरीची वाट बघेपर्यंत दोन बॅच बाहेर पडतील आणि त्या पोरांनी काय करायचं?

दुसरं, काम कुठून येतं हे शिकवत नाहीत. २०२३ ला हॉलिवूडमध्ये मे महिन्यात लेखक संपावर गेले, जुलैत नट गेले, नोव्हेंबरपर्यंत चाललं, आणि त्याचा फटका थेट गोरेगाव-अंधेरीच्या रोटो आर्टिस्टला बसला कारण इथलं खूपसं काम तिकडून येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ग्रुप ही व्हीएफएक्सची मोठी परदेशी कंपनी कोसळली तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतली हजारो माणसं रस्त्यावर आली, दहा-दहा वर्षं अनुभव असलेली. ती माणसं पण आता त्याच नोकऱ्या शोधतायत ज्या आपल्या फ्रेशरला पाहिजेत. हे सांगितलं तर पोरं घाबरतील असं सेंटरला वाटतं. मला उलट वाटतं. वस्तीतली पोरं वाईट बातमीने मोडत नाहीत, तयारी न करता अंगावर आली तर मोडतात. एडिटिंग, सोशल मीडियाचं व्हिडिओ काम, लग्नाच्या फिल्मचं कलर करेक्शन, असं हाताशी दुसरं काहीतरी असलं की काम आटलं तरी घर चालतं.

तिसरं, मुली. भाच्याच्या बॅचमध्ये मुली अगदी कमी होत्या आणि त्यातल्या नोकरीला लागल्या त्याहून कमी. काम त्यांचं मुलांपेक्षा नीट होतं, मी रील बघितलेत. अडतं कुठे तर डेडलाईनला रात्री उशीर होतो, कंपनीची गाडी मिळेल की नाही ते कोणी आधी सांगत नाही, आणि घरचे नाही म्हणतात. पालकांच्या मीटिंगमध्ये पगाराबद्दल जेवढं स्पष्ट बोलतात तेवढंच रात्रीच्या शिफ्टबद्दल बोलायला हवं, आणि ट्रस्टने फक्त अशाच स्टुडिओशी टाय-अप करावं जे घरापर्यंत ड्रॉप देतात. हे अवघड नाही. घरपोच गाडी देणारे स्टुडिओ आहेत.

बारीक तक्रार अजून एक, ईमेल लिहायला शिकवत नाहीत. इंटरव्ह्यूचा सराव मराठी-हिंदीत छान घेतात पण पहिला ईमेल इंग्रजीत जातो आणि तो भाच्याने मला विचारून लिहिला. ज्याला मामा नाही त्याने कोणाला विचारायचं? चार नमुने छापून हातात दिले तरी काम होईल.

गोरेगावच्या फिल्मसिटीत अ‍ॅनिमेशन-व्हीएफएक्स-गेमिंगची मोठी सरकारी संस्था येतेय, आयआयसीटी, तिचा पहिला कॅम्पस जुलै २०२५ ला पेडर रोडला एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाच्या, इमारतीत सुरू झाला. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण ज्या पोराला वय, उत्पन्नाचा दाखला आणि चित्रकलेचा हात सोडून दाखवायला काही नाही त्याच्यासाठी घराजवळचं, संध्याकाळी उघडं असलेलं, जेवण देणारं असं सेंटर पाहिजे, आणि अशी सेंटर मला मुंबईत बोटावर मोजण्याइतकीच माहितीयत.

भाचा आता आठ महिने झाले कामाला आहे, अजून रोटोतच, पण सुपरवायझरने पेंटचे दोन शॉट दिलेत. सेंटरच्या ताई अजून महिन्यातून एकदा त्याला फोन करतात, पगार वेळेवर होतो का, डोळे दुखतात का, घरी कसं चाललंय. मागच्या महिन्यात पगार उशिरा झाला तेव्हा पहिला फोन त्याने त्यांना केला, मला नाही, आणि त्यांनी स्टुडिओशी बोलून सोडवलं.

ज्यांना जायचंय त्यांनी : उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, तहसीलमध्ये वेळ लागतो. टेस्टला जाताना शाळेची चित्रकलेची वही असेल तर न्या, ते बघतात. आईला किंवा वडिलांना सोबत घेऊन जा, लॅब फिरवून दाखवतात. आणि एआयच्या तासांबद्दल तिथे सगळ्यांसमोर विचारा, जितके जण विचारतील तितक्या लवकर ती मंजुरी येईल. ज्यांचं शोरील आधीच तयार आहे, कुठल्याही कोर्सचं असो, त्यांनी खाली लिंक टाका, रविवारी बसून बघतो आणि कुठला शॉट ठेवायचा, कुठला काढायचा ते लिहितो.